घाट उघडला, आता हिवाळ्याचा हिशेब उघडा

कॅलेंडरात सप्टेंबर लागला की न्यूझीलंडमध्ये वसंत सुरू होतो. अप्पर हटच्या डोंगराला ते कळायला मात्र वेळ लागतो. गावाकडे गणपती पावसात बसतात. इथे गणपती बसतात तेव्हा रेमुटाकाच्या माथ्यावर गार वारा असतो, गारा असतात आणि एखाद्या पहाटे पांढराशुभ्र बर्फही असतो. मग सकाळी मोबाइलवर निरोप येतो : स्टेट हायवे २, रेमुटाका हिल बंद. काही तासांनी दुसरा निरोप येतो : रस्ता खुला, जपून चालवा.

या दोन निरोपांच्या मधले तास कुणाचे असतात, आणि त्यांचे पैसे कोण देतं? आजचा अग्रलेख त्याबद्दल आहे.

ज्यांनी हा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अप्पर हट सोडलं की ते मारुआ, मग कायटोके आणि तिथून वळणावळणाने चढ. माथा ५५५ मीटरवर. पलीकडे उतरलं की फेदरस्टन आणि सगळा वायरारापा : मार्टिनबरोचे द्राक्षमळे, गुराढोरांची फार्म, मास्टरटनची बांधकामं. ५५५ मीटर म्हणजे आपल्याला फार वाटत नाही, आपला खंडाळा साधारण तेवढाच उंच. पण इथला वारा अंटार्क्टिकाकडून येतो. ऑगस्ट २०११ मध्ये वेलिंग्टन शहरात, अगदी समुद्राच्या काठापर्यंत बर्फ पडला होता, तेव्हा हा घाटही बंद पडला होता. घाट बंद झाला की पलीकडे जायला गाडीरस्त्याने पाल्मरस्टन नॉर्थकडून वळसा, म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटर. दुसरी वाट रेल्वेची. १९५५ साली सुरू झालेला ८.८ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून जातो, पण गाड्या मोजक्याच. म्हणून घाट लवकर उघडावा अशी सगळ्यांचीच घाई असते.

तो उघडतो कसा? हवामान खात्याचा इशारा आला की संध्याकाळपासून माणसं तयार ठेवली जातात. रस्ता गोठायच्या आधी त्यावर द्रावण फवारतात. या देशातल्या राज्य महामार्गांवर मिठाऐवजी मुख्यतः सीएमए, म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट वापरतात. ते मिठाइतकं लोखंड खात नाही. बर्फ पडलाच तर फाळ लावलेली गाडी किंवा ग्रेडर तो कडेला लोटतो, मागून खडी टाकणारा ट्रक येतो. दोन्ही टोकांना स्टॉप-गोची पाटी धरून माणसं उभी राहतात. दरड आली असेल, झाड पडलं असेल तर तेही काढायचं. सगळ्यात वाईट म्हणजे काळा बर्फ. डांबरावर काचेसारखा पातळ पापुद्रा धरतो, डोळ्यांना दिसत नाही, पाय ठेवला की कळतं. सावलीच्या वळणावर तो दुपारपर्यंत टिकतो.

यातली यंत्रावर बसलेली माणसं बऱ्याचदा इथलीच, वीस-वीस वर्षांच्या अनुभवाची असतात. पाटी धरणारी, फावडं मारणारी, रात्री राखीव ठेवलेली माणसं मात्र अनेक ठिकाणी लेबर-हायर कंपनीमार्फत आलेली असतात. महामार्ग सरकारी संस्थेचा, देखभाल मोठ्या कंत्राटदाराची, त्याच्याखाली छोटा कंत्राटदार, त्याच्याखाली माणसं पुरवणारा. या उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यात आपण. आपल्यापर्यंत येईतो जबाबदारी चौघांत वाटली गेलेली असते, आणि तास वितळलेले असतात.

हे तास तीन ठिकाणी हरवतात. एकेक पाहू.

पहिलं ठिकाण म्हणजे फोनजवळ बसणं. सुपरवायझर म्हणतो, "आज रात्री थंडी आहे, फोन चालू ठेव, बोलावलं की अर्ध्या तासात डेपोत ये." म्हणजे तुम्ही वेलिंग्टनला मित्राकडे जाऊ शकत नाही. दोन घोट घेऊ शकत नाही. दुसरीकडे रात्रीचं काम धरू शकत नाही. नीट झोपही लागत नाही. समजा संध्याकाळी ६ ते सकाळी ६ अशा तीन रात्री तुम्हाला राखून ठेवलं, आणि फक्त एका रात्री ४ तासांसाठी बोलावलं. बांधलेले तास ३६. पैसे मिळाले ४ तासांचे. १ एप्रिल २०२५ पासून किमान वेतन ताशी २३.५० डॉलर होतं, त्या हिशेबाने ९४ डॉलर. उरलेले ३२ तास कुठे गेले?

या देशाचा कायदा याबद्दल गप्प नाही. एम्प्लॉयमेंट रिलेशन्स अ‍ॅक्ट २००० मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यातलं कलम ६७डी असं सांगतं : हमीच्या तासांपलीकडे कामगाराने हजर राहायलाच हवं अशी अट मालकाला घालायची असेल, तर करारपत्रात आधी हमीचे तास लिहिलेले हवेत, अट घालायला खरंखुरं कारण हवं, आणि त्या तयारीत राहण्याचा वाजवी मोबदला लिहिलेला हवा. मोबदला लिहिलेला नसेल तर कलम ६७ई म्हणतं की तुम्ही त्या कामाला नाही म्हणू शकता. आणि नाही म्हटलं म्हणून तुम्हाला त्रास देता येत नाही, तुमचे पुढचे तास कापता येत नाहीत. मासिक पगारावर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा : तयारीचा मोबदला पगारातच धरला आहे असं करारात कबूल केलेलं असू शकतं. ती ओळ आहे का ते आधी वाचा.

दुसरं ठिकाण डेपोतली रात्र. "घरी कशाला जातोस, इथेच कंटेनरमध्ये झोप, पहाटे लागलास तर लागलास." कॉट, हीटर, चहाची किटली, सगळं आहे. सकाळी रस्ता कोरडा निघाला, काम झालं नाही, म्हणून पैसे नाहीत. हे बरोबर आहे का? न्यूझीलंडच्या कोर्ट ऑफ अपीलने २०११ मध्ये यासारख्या एका प्रश्नावर निकाल दिला. तो खटला रस्ता कामगाराचा नव्हता, अपंग व्यक्तींच्या निवासात रात्री झोपायला थांबणाऱ्या मदतनिसाचा होता. मालकाचं म्हणणं होतं, माणूस झोपलेला होता, काम कुठे केलं? न्यायालयाने झोपेऐवजी दुसऱ्या तीन गोष्टी पाहिल्या : त्याच्या मोकळेपणावर किती बंधन होतं, त्याच्यावर जबाबदारी काय होती, आणि त्याच्या तिथे असण्याचा मालकाला काय फायदा होता. उत्तर असं निघालं की ती रात्र कामाची होती आणि तिच्या प्रत्येक तासाला किमान वेतन लागू होतं.

प्रत्येक डेपोतली प्रत्येक रात्र याच मापाने बसेल असं नाही. घरी झोपणं वेगळं आणि मालकाच्या आवारात, त्याच्या सांगण्यावरून, बाहेर न जाता झोपणं वेगळं. पण तीन प्रश्न तेच विचारायचे. बाहेर जाता येत होतं का? माझ्यावर काही जबाबदारी होती का? मी तिथे असल्याने फायदा कुणाचा झाला? उत्तरं तुमच्या बाजूची असतील तर १२ तासांच्या त्या रात्रीचे २०२५ च्या त्या किमान वेतनाने २८२ डॉलर होतात. ते मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरं ठिकाण रद्द झालेली शिफ्ट. पहाटे चारला उठून, डबा भरून, तुम्ही कामावर पोचता. तिथे कळतं की बर्फ पडलाच नाही, किंवा इतका पडला की आज काही करता येणार नाही, जा घरी. गाडीचं पेट्रोल पदरमोड, आणि दिवस फुकट. ज्यांचं काम शिफ्टमध्ये चालतं त्यांच्यासाठी कलम ६७जी आहे. शिफ्ट रद्द करायची तर किती आधी कळवायचं आणि नाही कळवलं तर किती भरपाई, हे करारात लिहिलेलंच हवं. तशी तरतूद करारात नसेल, किंवा तुम्ही कामावर पोचेपर्यंत तुम्हाला कळवलंच नसेल, तर त्या शिफ्टमध्ये जे मिळालं असतं ते पूर्ण मिळायला हवं. आकाशाचा भरवसा नाही हे मान्य. पण म्हणूनच कायद्याने आकाशाचा धोका पूर्णपणे मजुराच्या खिशावर टाकलेला नाही.

इथे मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. छोटे कंत्राटदार म्हणतात, "वरून आम्हाला केलेल्या कामाचेच पैसे मिळतात. बर्फ पडेल म्हणून दहा माणसं बसवून ठेवली आणि पडला नाही, तर आम्ही कुठून द्यायचे?" हे सगळं खोटं नाही. काही छोटे कंत्राटदार स्वतःच कर्जाने ट्रक घेऊन बसलेले असतात. पण मग हा प्रश्न त्यांनी वरच्याकडे न्यायला हवा, खालच्याकडे नाही. महामार्ग उघडा राहावा ही सरकारची गरज आहे, त्यासाठी माणसं राखीव ठेवणं हा त्या कामाचाच खर्च आहे. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलाच्या जवानाचा त्या दिवसाचा पगार कुणी कापत नाही. टेंडर भरताना राखीव माणसांचा खर्च धरला नाही, ही चूक टेंडर भरणाऱ्याची. ती भरून काढायला कोल्हापूर-नांदेडहून आलेल्या पोराची झोप वापरायची, हे चालणार नाही.

दुसरा आवाज आपल्यातलाच आहे, आणि तो जास्त मोठा आहे. "एजंटाचे पैसे फिटले नाहीत अजून. व्हिसा त्याच्याच हातात आहे. चार तास इकडे-तिकडे झाले तर काय बिघडलं? तोंड उघडलं तर पुढच्या आठवड्यात रोस्टरवर नाव नसेल." ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. अक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसा एका मालकाशी, एका कामाशी, एका भागाशी बांधलेला असतो. त्या दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलताना आवाज खाली जातोच. पण अळीमिळी गुपचिळी करून दोर सैल होत नाही, उलट आवळत जातो.

म्हणून हे माहीत असू द्या : वर सांगितलेले हक्क व्हिसा पाहून मिळत नाहीत, कामगार म्हणून मिळतात. शोषणाची तक्रार केली आणि ती खरी वाटते असं अधिकाऱ्यांना दिसलं, तर मायग्रंट एक्सप्लॉयटेशन प्रोटेक्शन व्हिसा मिळू शकतो. तो १ जुलै २०२१ ला सुरू झाला, जास्तीत जास्त ६ महिन्यांचा असतो, आणि त्यावर दुसरीकडे काम करता येतं. ६ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या वर्कर प्रोटेक्शन कायद्याने स्थलांतरितांना लुबाडणाऱ्या मालकांवरची कारवाई आणखी कडक केली आहे. आणि लेबर-हायरमधल्यांसाठी : २०२० पासून, तुमच्यावर प्रत्यक्ष हुकूम चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीलाही तुमच्या तक्रारीत ओढता येतं. "तू आमचा नाहीस, त्यांचा आहेस" हे उत्तर आता पुरेसं नाही.

आणखी एक सांभाळायचं. बर्फामुळे तुमचं नेहमीचं काम थांबलं आणि मालकाने तुम्हाला दोन दिवस दुसऱ्याच कंपनीकडे, दुसऱ्याच कामावर उसनं दिलं, तर आधी तुमच्या व्हिसाच्या अटी बघा. अट मोडली तर झळ तुम्हाला बसते. तसंच यंत्राचं. "अरे, गावी ट्रॅक्टर चालवत होतास ना, मग लोडर घे" असं कुणी म्हणालं तर लायसन्स दाखवा. इथे रस्त्यावर चाकांचा लोडर चालवायला डब्ल्यू एंडॉर्समेंट लागतं, साखळीपट्ट्यांच्या यंत्राला टी, रोलरला आर. अवजड गाडीच्या ड्रायव्हरला दिवसात १३ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर सलग १० तास विश्रांती, आणि दर साडेपाच तासांनंतर अर्धा तास थांबायचं. यात स्टेअरिंगमागचेच तास मोजतात असं नाही. दिवसा गोदामात केलेलं कामही धरतात. दिवसा आठ तास काम करून रात्रभर खडीचा ट्रक चालवणं शौर्याचं वाटत असेल, पण ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे.

जिवाची गोष्ट निघाली म्हणून थोडं मागे जाऊ. या देशाच्या दक्षिण बेटावर मिलफर्डचा रस्ता आहे. त्यावरचा होमर बोगदा १९३५ मध्ये खणायला घेतला, मंदीच्या काळातल्या बेकार मजुरांकडून, तंबूत राहून. १९३६ आणि १९३७ मध्ये तिथे हिमस्खलनाने तिघांचे बळी घेतले. बोगदा १९५४ मध्ये रहदारीला खुला झाला. पुढे १९८३ मध्ये त्याच रस्त्यावर 'पॉप' अँड्र्यू या अनुभवी रस्ता पर्यवेक्षकाचा हिमस्खलनात मृत्यू झाला. त्यानंतर मात्र तिथे बर्फावर लक्ष ठेवायची पक्की व्यवस्था उभी राहिली. आता जून ते नोव्हेंबर डोंगरावरच्या बर्फाचा रोज अंदाज घेतात, धोका वाढला की रस्ता बंद करतात, हेलिकॉप्टरमधून स्फोटकं टाकून बर्फ आधीच खाली पाडतात आणि मगच माणसं साफसफाईला पाठवतात. क्रम लक्षात घ्या : आधी डोंगर मोकळा, मग माणूस आत. हा क्रम जीव गेल्यावर शिकला गेला.

आपल्या देशातही बर्फाचे रस्ते उघडतात. सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, ७ मे १९६० ला स्थापन झाली. श्रीनगरहून लडाखला जाणारी झोजिला खिंड ११,५०० फुटांहून उंच. पूर्वी ती वर्षातले चार-सहा महिने बंद असायची. २०२५ मध्ये ती फक्त ३२ दिवस बंद राहून १ एप्रिलला उघडली. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच हिवाळ्यात, २८ फेब्रुवारी २०२५ ला, उत्तराखंडमध्ये बद्रीनाथपलीकडच्या माणा गावाजवळ बीआरओच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ मजूर कंटेनरमध्ये गाडले गेले. ४६ वाचले, ८ गेले. तेही स्थलांतरित होते, कुणी बिहारचं, कुणी उत्तर प्रदेशचं, कुणी हिमाचलचं. ते त्या वेळी रस्त्यावर नव्हते, छावणीत होते. कामाच्या जागी झोपणं म्हणजे काय असतं ते माणाने दाखवलं. छावणीतला माणूस कामावर नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग आठवावा.

आणि घाट म्हटलं की महाराष्ट्राला बोरघाट आठवतो. रेमुटाकावरून पहिला गाडीरस्ता झाला तो १८५६ च्या सुमारास. त्याच वर्षी बोरघाटातल्या रेल्वेचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये ते पुरं झालं. कॉलऱ्याने, सुरुंगांनी, कड्यावरून पडून तिथे हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. आपल्या लोकांनी एकाचं देऊळ तेवढं जपलं : घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराचं. त्याला गोऱ्या साहेबांनी मारलं अशी आख्यायिका आहे. आजही घाट चढताना ट्रकवाले तिथे नाणं टाकतात. श्रद्धा ज्याची त्याची. आम्हाला एवढंच म्हणायचं आहे की नाणं टाकायची वेळ यायच्या आधी हेल्मेट, बूट आणि पगार मिळालेला बरा.

त्यासाठीही कायदा आहे. हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅट वर्क अ‍ॅक्ट २०१५, कलम ८३ : काम केल्याने लगेचचा गंभीर धोका आहे असं तुम्हाला सकारण वाटलं, तर तुम्ही काम थांबवू शकता, किंवा सुरूच न करता नाही म्हणू शकता. मात्र तसं लगेच मालकाला कळवायचं, आणि त्याने दुसरं सुरक्षित काम दिलं तर ते करायचं. हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा, भांडणाचं वाटू न देता बोलायचं : "आय थिंक धिस इज अनसेफ. आय अ‍ॅम स्टॉपिंग अँड टेलिंग यू नाऊ." थंडीचं जाकीट, जलरोधक बूट, हातमोजे, चमकणारं जॅकेट हे मालकाने द्यायचं. त्याचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये बे ऑफ प्लेंटीत माटाटाजवळ रस्त्याच्या कामावरचे तीन कामगार ट्रकच्या धडकेत गेले. तेव्हा बर्फ नव्हता, भर उन्हाळा होता. रस्त्यावर उभं राहणं हेच मुळात धोक्याचं काम आहे. धुकं, अंधार आणि निसरडा रस्ता आला की धोका आणखी वाढतो.

दुखापत झालीच तर एसीसी आहे. अपघात कुणाच्या चुकीने झाला हे न विचारता उपचाराचा खर्च दिला जातो, व्हिसावर असलेल्यांनाही. कामावरच्या अपघाताने रजा पडली तर पहिल्या आठवड्याचं ८० टक्के वेतन मालक देतो, पुढे ८० टक्के एसीसी देतं. "हे कामावर झालं असं डॉक्टरला सांगू नकोस" असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी डॉक्टरला खरं काय ते सांगा.

आता घाटाच्या दुसऱ्या बाजूच्यांबद्दल. अप्पर हटमध्ये राहून रोज वायरारापात कामाला जाणारे आपले लोक आहेत. घाट बंद, काम पलीकडे चालू, पण तुम्ही पोचू शकत नाही. इथे खोटी आशा दाखवणार नाही : काम उपलब्ध आहे आणि तुम्हीच पोचला नाहीत, तर आपोआप पगार मिळेल असं कायदा म्हणत नाही. पण मालकाने तुमच्याशी सद्भावनेने बोलायला हवं. दिवस भरून काढता येईल का, वार्षिक रजेतून घ्यायचा का, ट्रेनने येता येईल का. तुमची मर्जी नसताना मागच्या दिवसाची रजा परस्पर टाकता येत नाही. जबरदस्तीने वार्षिक रजेवर पाठवायचं तर १४ दिवस आधी सांगावं लागतं. आणि कामाची जागाच बंद असेल, तुम्ही यायला तयार असाल, करारात हमीचे तास असतील, तर मालकाला पगार सहज थांबवता येत नाही. तेव्हा घाट बंद असल्याचा निरोप आणि "मी यायला तयार आहे" हा तुमचा मेसेज, दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा.

आखातातले वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठला बर्फ? बर्फ नाही, पण ऊन आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३, आणि कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद असतं. तिथेही प्रश्न तोच : त्या वेळात तुम्ही कुठे बसता, बसच्या वाटेत किती तास जातात, आणि ते कुणाच्या वहीत लिहिले जातात? हवा बदलते, हिशेब तोच राहतो.

म्हणून घाट मोकळा होतोय तेव्हाच ही कामं उरका. मे ते सप्टेंबरचे फोन आणि मेसेज चाळा. कुठल्या रात्री राखून ठेवलं होतं, कुठल्या रात्री डेपोत झोपलात, कुठली शिफ्ट दारातून परत पाठवली, हे तारखेनिशी साध्या वहीत मराठीतच लिहा. मालकाकडून तुमच्या वेळेची आणि पगाराची नोंद लेखी मागा. ती ६ वर्षं ठेवणं आणि मागितल्यावर देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पे-स्लिप आणि वही शेजारी ठेवून जुळवा. फरक निघाला तर आधी शांतपणे, लेखी विचारा. बऱ्याचदा एवढ्यानेच पैसे येतात. नाही आले तर सरकारी मध्यस्थी मोफत आहे. थकलेल्या पगाराचा दावा ६ वर्षांपर्यंत करता येतो. पण अन्यायाने काढून टाकलं किंवा त्रास दिला अशी तक्रार असेल तर मुदत फक्त ९० दिवसांची आहे, ती हातची घालवू नका.

एकट्याने जायचा धीर होत नसेल तर कम्युनिटी लॉ वेलिंग्टन अँड हट व्हॅलीमध्ये मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. हे फोन नंबर जपून ठेवा : नोकरीच्या हक्कांसाठी ०८०० २० ९० २०, स्थलांतरितांच्या शोषणाच्या तक्रारीसाठी ०८०० २०० ०८८, कामावरच्या धोक्यासाठी वर्कसेफ ०८०० ०३० ०४०. आणि पुढच्या हिवाळ्यासाठी करारात तीन ओळी आताच लिहून घ्या : हमीचे तास किती, तयारीत राहण्याचा मोबदला किती, शिफ्ट रद्द झाली तर भरपाई किती. हे एकाने मागितलं तर तो तक्रारखोर ठरतो, आठ जणांनी मिळून मागितलं तर ती बैठक होते. तेव्हा आठ जण जमवा.

रेमुटाका या माओरी नावाचा अर्थ बसणं, विसावा घेणं असा सांगतात. जुना प्रवासी हाउनुई या डोंगरावर क्षणभर टेकला, त्यावरून ते नाव पडलं. या घाटात रात्र-रात्र बसून राहणाऱ्या आपल्या माणसांचं बसणं मात्र विसावा नव्हे. ती मजुरी आहे, आणि ती पे-स्लिपवर दिसली पाहिजे.